थांबलेल्या माणसाचा शोध

कला आणि तंत्रज्ञान या विषयासाठी शेवटच्या सत्रात प्रत्येक गटानं एक मांडणी उभी करायची होती. अट एकच, बघणाऱ्याच्या असण्यानं कामात काहीतरी बदललं पाहिजे. आमच्या गटात आम्ही तिघं होतो: चित्रकलेकडून आलेली मी, इलेक्ट्रॉनिक्सचा एक मित्र आणि प्रोग्रॅमिंग करणारी एक मैत्रीण. कल्पना माझी होती आणि सांगायला सोपी होती. माणूस भिंतीसमोर आला की भिंतीवर त्याची सावली उमटावी, तो न हलता उभा राहील तोवर त्या सावलीतून वेल वाढत जावी, आणि तो हलला की ती सुकावी.

असल्या कामांमध्ये लोकांना हात हलवायला, उड्या मारायला लावतात. मला त्याचा कंटाळा आला होता. लोकांनी निदान अर्धा मिनिट गप्प उभं राहावं, एवढीच माझी इच्छा होती. पण स्वस्त आणि सहज मिळणारे सेन्सर जवळजवळ सगळे हालचाल पकडण्यासाठीच बनवलेले असतात. थांबलेला माणूस पकडणं हे वेगळंच प्रकरण आहे, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं.

मित्रानं सुरुवातीलाच पीआयआर सेन्सर आणून टेबलावर ठेवला. जिन्यातल्या आपोआप लागणाऱ्या दिव्यांत असतो तोच, पांढऱ्या घुमटासारख्या झाकणाचा. ते झाकण म्हणजे प्लॅस्टिकची फ्रेनेल लेन्स असते. ती समोरच्या जागेचे पट्टे पाडते आणि प्रत्येक पट्ट्यातली उष्णता आतल्या एका छोट्या पायरोइलेक्ट्रिक, म्हणजे उष्णता बदलली की वीज देणाऱ्या, घटकावर आणून सोडते. आपल्या अंगातून अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, किरण सतत बाहेर पडत असतात आणि साधारण साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास त्यांचा जोर सर्वांत जास्त असतो. सेन्सरच्या पोटात दोन तुकडे एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. माणूस चालत गेला की किरण आधी एकावर पडतात, मग दुसऱ्यावर, आणि तारेत एक चढ आणि एक उतार येतो. दोन्हींवर सारखेच पडले तर बेरीज शून्य. खोली हळूहळू तापली तरी सेन्सर उगाच ओरडू नये म्हणून ही रचना केलेली आहे, आणि ती हुशारीची आहे. जिन्यात उभं राहून फोनवर बोलत राहिलं की दिवा विझतो आणि हात हलवावा लागतो, तो याच हुशारीमुळे.

"म्हणजे आपल्याला जे हवंय नेमकं तेच हा फेकून देतो," मैत्रीण म्हणाली. पीआयआर परत खोक्यात गेला.

मग अंतर मोजणारा इन्फ्रारेड सेन्सर आला. शार्प कंपनीचा, दहा ते ऐंशी सेंटिमीटर पल्ल्याचा. तो किरण सोडतो, समोरून परतलेला ठिपका कुठे पडला यावरून त्रिकोणाच्या हिशेबानं अंतर काढतो. थांबलेला माणूस याला दिसतो, यात वाद नाही. पण दिसतो एका रेषेपुरता. सावली काढायची तर असे सेन्सर भिंतभर लावावे लागले असते, आणि माणसाला भिंतीला नाक लावून उभं करावं लागलं असतं. शिवाय दहा सेंटिमीटरच्या आत गेलं की त्याचा व्होल्टेज पुन्हा उतरायला लागतो, त्यामुळे अगदी जवळचा माणूस त्याला लांबचा वाटतो. हा प्रयोग लवकर आटोपला.

उष्णतेचं चित्र देणारा आठ बाय आठचा सेन्सर मात्र आम्ही बराच काळ सोडला नाही. एएमजी८८३३ त्याचं नाव. चौसष्ट पिक्सेल, सेकंदाला दहा चित्रं, साठ अंशांचा कोन. माणूस हलो न हलो, त्याची ऊब दिसतच राहते. आम्ही पडद्यावर रंग भरून पाहिलं तेव्हा तिघंही लहान मुलांसारखे त्याच्यासमोर हात नाचवत बसलो होतो. कोणी खुर्चीवरून उठून गेलं तरी त्याच्या बसण्याची ऊब काही वेळ खुर्चीवर दिसत राहायची. त्या एका गोष्टीपायी मी आख्खी कल्पना बदलायला निघाले होते: उठून गेलेल्या माणसांची मांडणी! मैत्रिणीनं हिशेब मांडला. अडीच मीटरवरून हा सेन्सर सुमारे तीन मीटर रुंदी बघतो, म्हणजे एक पिक्सेल साधारण छत्तीस सेंटिमीटरचा. माणूस म्हणजे दीड चौकोन रुंदीचा डाग. मधले आकडे गणितानं भरून डाग गुळगुळीत करता येतो, पण त्याला खांदा, कोपर, मान येत नाही. आणि खोलीच गरम असली तर कपड्यांचा पृष्ठभाग आणि भिंत यांच्यात दोन-तीन अंशांचाच फरक उरतो. सावलीला आकार हवा, हा माझाच हट्ट होता. त्यामुळे उठून गेलेली माणसं वहीत राहिली.

इथवर येईपर्यंत आम्ही सगळ्याला सरसकट इन्फ्रारेड म्हणत होतो. खरं तर कामापुरते ते दोन वेगळे प्रकार आहेत. १८०० साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलनं लोलकातून पडलेल्या रंगांत थर्मामीटर ठेवले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सर्वांत वर गेलेला पाहिला. त्या पलीकडच्या पट्ट्याचा अलीकडचा काठ तांबड्या रंगाला लागून आहे, ८५०, ९४० नॅनोमीटर असा. तिथे वस्तू प्रकाशात जशा वागतात जवळपास तशाच वागतात: उजळतात, सावली पाडतात, काचेतून आरपार दिसतात. माणसाचं अंग या पट्ट्यात स्वतःहून काहीही सोडत नाही, त्याच्यावर दिवा टाकावा लागतो. दुसरा प्रकार खूप पलीकडचा, अंगाच्या उष्णतेचा. त्याला दिवा लागत नाही, पण साधी खिडकीची काचही त्याला भिंतीसारखी अडवते. पीआयआर आणि चौसष्ट पिक्सेलवाला हे दोघे दुसऱ्या प्रकारातले. आम्हाला आकार हवा होता, म्हणजे पहिल्याकडे जाणं भाग होतं. आणि तिकडे साधा वेबकॅम चालतो, कारण सिलिकॉनच्या सेन्सरला ८५० नॅनोमीटर चांगलं दिसतं.

मग सरळ दृश्य प्रकाशातच कॅमेरा का नाही लावला? प्रोजेक्टरमुळे. कॅमेरा ज्या भिंतीकडे बघणार त्याच भिंतीवर आमचं चित्र पडणार. वेल वाढली की कॅमेऱ्याला तीही हलताना दिसणार, तो तिलाच माणूस समजणार आणि तिच्यावर आणखी वेल उगवणार. बघणाऱ्याचे डोळे एका उजेडात आणि कॅमेरा दुसऱ्या उजेडात ठेवला की हा गुंता सुटतो. प्रोजेक्टरनं दृश्य प्रकाशात हवं ते करावं, इन्फ्रारेडमध्ये ती भिंत कोरीच राहते.

प्रयोगशाळेत एक जुना किनेक्ट धूळ खात पडला होता. २०१० साली आलेला हा कॅमेरा इन्फ्रारेड ठिपक्यांची जाळी टाकून प्रत्येक बिंदूचं अंतर काढतो. आमचं निम्मं काम त्यानं आयतं केलं असतं. सरांनी नकार दिला नाही, फक्त विचारलं, "तो चुकला तर का चुकला हे तुम्हाला सांगता येईल का?" आम्ही तो परत ठेवला. (शेजारच्या गटानं तो उचलला आणि त्यांचं काम आमच्या आधी उभं राहिलं, हेही सांगायला हवं.)

वेबकॅम उघडणं हे हलक्या हाताचं काम आहे. लेन्सचा छोटा नळा फिरवून बाहेर काढला की त्याच्या मागच्या बाजूला काचेचा इवलासा चौकोन दिसतो. तिरका धरला तर तो लालसर चमकतो. हा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर. तो नसता तर रोजच्या चित्रांचे रंग बिघडले असते. पातळ पात्यानं कडेकडेनं उचकटला की निघतो, कधी तुकड्यांत निघतो. आता उलटं करायचं होतं: दृश्य प्रकाश अडवायचा आणि इन्फ्रारेड आत घ्यायचा. त्याला एक जुना उपाय आहे. रंगीत फिल्मच्या रोलचं तोंड, जे कॅमेऱ्यात भरतानाच उजेड खातं आणि धुतल्यावर काळंकुट्ट निघतं, त्याचे दोन थर लेन्समागे लावायचे. रंगीत फिल्ममधली रंगद्रव्यं दृश्य प्रकाश खातात पण इन्फ्रारेडला वाट देतात. कृष्णधवल फिल्म चालत नाही, तिच्यात चांदीचे कण असतात आणि ते दोन्ही अडवतात. घरातल्या जुन्या निगेटिव्हच्या पाकिटांत अशी टोकं अजून सापडतात. फिल्टर बदलल्यावर लेन्स पुन्हा फोकस करावी लागते, कारण काच गेल्यानं आणि तरंगलांबी बदलल्यानं चित्र बनण्याची जागा सरकते.

त्या कॅमेऱ्यातून जग पाहणं हा या सगळ्या कामातला माझ्यासाठी सर्वांत मोठा आनंद होता. कुंडीतली पानं बर्फासारखी पांढरी. कोलाची बाटली पाण्यासारखी नितळ. रिमोटचं टोक टॉर्चसारखं पेटणारं. आणि काळे कपडे! मित्राचा काळा टीशर्ट पांढुरका दिसला, मैत्रिणीची काळी ओढणी काळीच राहिली. कपड्याला काळं करणारे कितीतरी रंग फक्त आपल्या डोळ्यापुरते काळे असतात. तांबड्यापलीकडे गेलं की ते पारदर्शक होतात आणि खालचा धागा उजळतो. गंमत म्हणून हे छान होतं, पण कामासाठी अडचणीचं. माणसांवर दिवा टाकून उजळ आकार शोधायचा तर प्रत्येकाचा आकार त्याच्या कपड्यांवर ठरला असता. कोणाचं डोकं आणि हात दिसले असते, धड गायब.

म्हणून दिवा माणसांवर टाकायचाच नाही असं ठरलं. भिंत उजळायची, माणूस तिच्यासमोर काळा दिसू द्यायचा. कपडा कोणताही असो, तो भिंतीचा उजेड अडवतोच. हे सुचायला आम्हाला जितका वेळ लागला त्याहून जास्त वेळ भिंत एकसारखी उजळायला लागला. इन्फ्रारेड एलईडीच्या पट्ट्या मित्रानंच सोल्डर केल्या. बारा व्होल्टच्या पुरवठ्यावर सात एलईडी एकापुढे एक, प्रत्येकी साधारण दीड व्होल्ट, म्हणजे साडेदहा. उरलेल्या दीड व्होल्टसाठी तेहतीस ओहमचा रेझिस्टर, म्हणजे पंचेचाळीस-पन्नास मिलिअँपिअर. अशा ओळी शेजारी शेजारी लावत जायच्या. आम्ही ८५० नॅनोमीटरचे घेतले. ९४० चे अजिबात दिसत नाहीत, ८५० चे अंधारात मंद लालसर दिसतात, पण वेबकॅमला ८५० बरेच जास्त उजळ दिसतात. एक गोष्ट सरांनी पुन्हा पुन्हा बजावली: हा उजेड डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, म्हणून बाहुली आकसत नाही आणि पापणीही मिटत नाही. त्यामुळे जळणाऱ्या पट्टीकडे जवळून बघायचं नाही, आणि मांडणीत प्रत्येक दिव्याचं तोंड भिंतीकडेच हवं.

भिंत तरी मधे अंधारीच राहिली. मग सीसीटीव्हीसाठी मिळणारे तयार इन्फ्रारेड दिवे आणून दोन्ही बाजूंना लावले, पुढे बटरपेपर. आता भिंत छान उजळली. वेलही वाढायला लागली. आणि मग एकाएकी सगळी भिंतच वेलीनं भरून गेली, समोर कोणी नसताना. थोड्या वेळानं आपोआप रिकामी झाली. पुन्हा कोणी आलं, पुन्हा तेच. मैत्रीण दिवसभर स्वतःच्या कोडवर संशय घेत बसली होती. दोष दिव्यांत होता. हे दिवे रात्रीसाठी बनवलेले, त्यांच्या तोंडाशी उजेड ओळखणारा एक छोटा सेन्सर असतो आणि दिवस उजाडला की तो दिवा बंद करतो. आमची वेल हिरवी-पांढरी आणि भरगच्च झाली की प्रोजेक्टरचा उजेड भिंतीवरून परतून तिथवर पोचायचा, दिव्यांना वाटायचं सकाळ झाली. ते विझले की कॅमेऱ्याला सगळी भिंत काळी, म्हणजे सगळीच माणूस. त्या सेन्सरवर काळी चिकटपट्टी लावली आणि प्रश्न मिटला. तो मिटल्याचं मला थोडं वाईटही वाटलं, इतकी सुंदर गडबड आम्हाला ठरवून जमली नसती.

आता थांबलेला माणूस. ओपनसीव्ही या चित्रं तपासणाऱ्या कोडच्या तयार संचात पार्श्वभूमी आपोआप शिकणाऱ्या तयार पद्धती आहेत. त्या चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलची सवय लक्षात ठेवतात आणि सवयीबाहेरचं काही आलं की त्याला वस्तू म्हणतात. पण माणूस उभा राहिला की थोड्या वेळानं त्याचीही सवय होते आणि तो हळूहळू पार्श्वभूमीत मिसळून जातो. पीआयआरचंच दुखणं, फक्त सावकाश. म्हणून आम्ही शिकणं हातात घेतलं. कोणी नसताना एक कोरं चित्र घ्यायचं, आणि दृश्यात एकही आकार नसेल तेव्हाच ते हलक्या हातानं ताजं करायचं. ताजं करणं टाळता येत नाही, कारण एलईडी तापले की त्यांचा उजेड उतरतो. माणूस दिसला की शिकणं बंद.

आलेल्या चित्रातून कोरं चित्र वजा करण्याऐवजी आम्ही भागाकार केला. भिंतीचा एखादा कोपरा मुळातच अंधारा असेल तर वजाबाकीत तिथला फरक लहान येतो आणि माणूस निसटतो. भागाकारात कोपरा असो की मध्य, माणूस मूळ उजेडाचा साधारण तेवढाच हिस्सा अडवतो. साठ टक्क्यांच्या खाली गेलं की सावली, असा उंबरठा ठेवला. याआधी वेबकॅमचं आपोआप एक्स्पोजर बंद करणं अत्यावश्यक. नाहीतर माणसाचा काळा आकार चित्रात आला की कॅमेरा दयाळूपणे सगळं चित्र उजळतो आणि भागाकाराचा बोऱ्या वाजतो.

"न हलता" म्हणजे किती, हा प्रश्न मला चित्रकार म्हणून सोपा वाटला होता. जिवंत माणूस कधीच स्थिर नसतो. उभ्या उभ्या तो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर डुलत असतो, श्वासानं खांदे उठतात. आमच्या चित्रात एक पिक्सेल म्हणजे भिंतीवरचे साधारण पाच मिलिमीटर, म्हणजे शांत माणसाची कडसुद्धा दोन-तीन पिक्सेल हलत राहणार. सलग चित्रांतला कडेचा फरक काढून त्याची सरासरी धरली आणि दोन उंबरठे ठेवले: वेल सुरू व्हायला बरंच शांत व्हावं लागतं, ती तुटायला मात्र जरा जास्त हलावं लागतं. फ्रिजचा थर्मोस्टॅट एकाच अंशावर चालू-बंद करत बसत नाही, तसंच हे. एकच उंबरठा असताना वेल तापानं थरथरल्यासारखी दिसत होती.

माझ्या वाट्याची वेल मी आधी पानापानाच्या शिरांसकट काढली होती. भिंतीवर ती लिबलिबीत दिसली. शेवटी शाईच्या कुंचल्याचे मोजके फटकारे राहिले. वेग ठरवणं जास्त कठीण गेलं. पहिला कोंब दोन सेकंदांत फुटला नाही तर लोक निघून जातात. म्हणून कोंब लगेच आणि पुढची वाढ फार सावकाश. वेल कितीही रेंगाळली तरी चालतं, सावली मात्र अंगाबरोबरच हलायला हवी. ती जरा मागे पडली की लोक तिला आपली मानत नाहीत. त्यासाठी प्रोजेक्टर वर, भिंतीच्या जवळ टांगला, म्हणजे माणसाची खरी सावली खाली पायांशी पडते आणि काढलेल्या सावलीशी भांडत नाही.

प्रदर्शनात काय होईल याची यादी आम्ही केली होती आणि बरीचशी खरी ठरली. दार उघडलं की बाहेरचं ऊन आत येई. उन्हात इन्फ्रारेड ठासून भरलेलं असतं, आणि भिंतीचा तो भाग कॅमेऱ्याला पांढराशुभ्र दिसे. दोन पडदे लावले. शेजारच्या मांडणीतल्या हॅलोजनचाही तोच त्रास, त्यांनी एलईडी दिवा लावला आणि मिटलं, त्यात इन्फ्रारेड जवळजवळ नसतं. दोघं चिकटून उभे राहिले की त्यांचा एकच आकार होई आणि एकच वेल दोघांत वाढे. हे आम्ही दुरुस्त करणार होतो, पण लोकांना ते इतकं आवडलं की हात लावला नाही. लोक श्वास रोखून धरतील हे मात्र यादीत नव्हतं. श्वास रोखलेला माणूस सुटला की जोरात हलतो, वेल कोसळते, आणि मागची रांग हसते.

यादीत नसलेली दुसरी गोष्ट म्हणजे पिशवी. कोणीतरी खांद्यावरची पिशवी स्टुलावर ठेवून गेलं आणि परत आलंच नाही. तासाभरानं आम्ही पाहिलं तर भिंतीवर दिवसभरातली सर्वांत घनदाट, वरच्या कडेला टेकलेली वेल त्या पिशवीची होती. साहजिकच होतं, तिच्याइतकं न हलता कोणालाच उभं राहता येत नव्हतं. मित्र म्हणाला, पार्श्वभूमीत जाऊ दे तिला. पण कशाच्या आधारावर? तेवढाच वेळ थांबलेला माणूसही मग पार्श्वभूमीत गेला असता, आणि आम्ही जिथून निघालो तिथेच पोचलो असतो. उपाय मैत्रिणीनं काढला, आणि मला तो या कामातला सर्वांत चांगला विचार वाटतो: खालूनही एक उंबरठा लावायचा. पिशवीची कड कॅमेऱ्याच्या गोंगाटापुरती, पिक्सेलभर लुकलुकते. माणसाची त्याहून जास्त, कारण तो डुलतो. दीड पिक्सेलच्या खाली बराच वेळ राहिलं तर ते जिवंत नाही. जिवंत नसलेल्यावर काय उगवायचं हा प्रश्न माझ्याकडे आला. मी शेवाळ काढलं, खालून वर चढणारं, बुटकं.

परीक्षक आले तेव्हा त्यांनी काहीही न विचारता भिंतीसमोर जाऊन उभं राहायला सुरुवात केली. पाय फाकवून, हात मागे बांधून, एखाद्या खांबासारखे. वेल फुटली, वाढली, आणि मग त्यांच्या घोट्यांपासून शेवाळ चढायला लागलं. आमची तंतरली. त्यांनी मागे वळून विचारलं, "हे काय, मी वस्तू झालो का?" मैत्रिणीनं खरं कारण सांगितलं. ते पाच मिनिटं फक्त त्या उंबरठ्यावरच बोलले: कॅमेऱ्याचा गोंगाट किती, तो मोजला कसा, लांब उभ्या माणसाची कड जवळच्याइतकीच हलते का. शेवटचा प्रश्न बरोबर होता. कॅमेऱ्यापासून लांब, भिंतीजवळ गेलेल्या माणसाचं डुलणं चित्रात कमी पिक्सेलांत मावतं, आणि ते भिंतीला जवळजवळ चिकटून उभे होते.

तिथल्या तिथे आम्ही उंबरठा पिक्सेलऐवजी आकाराच्या उंचीच्या प्रमाणात बांधला. नंतरच्या दिवसांत शेवाळ पिशव्यांवर आलं, एका विसरलेल्या छत्रीवर आलं, आणि दुपारी भिंतीला पाठ टेकून झोपी गेलेल्या एका स्वयंसेवकावर आलं. त्याच्यासाठी काही बदल करावा असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही.